नागरी सेवांचा नकाशा कुठे चुकतो: ठाणे आणि नवी मुंबईच्या अभ्यासकांसाठी कामाचा क्रम

आरोग्य केंद्रे, सार्वजनिक शौचालये किंवा पाणी तुंबणाऱ्या जागा यांचे नकाशे करणारे विद्यार्थी, स्वयंसेवी गट आणि कंत्राटी तंत्रज्ञ बहुधा एकाच पद्धतीने चुकतात. ते आधी सॉफ्टवेअर निवडतात, मग हाती येईल तो डेटा त्यात भरतात, आणि नेमका प्रश्न काय होता हे अहवाल लिहायला बसल्यावर ठरवतात. उलट क्रमाने झालेले हे काम पडद्यावर देखणे दिसते, पण त्यातली अंतरे, लोकसंख्या आणि हद्दी यांपैकी काहीतरी हमखास खोटे असते.

पुढील टप्पे एका उदाहरणावर रचले आहेत: नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर शहरातली किती वस्ती येते? साधने सगळी मोफत आणि मुक्त आहेत. नकाशासाठी क्यूजीआयएस, डेटाबेससाठी पोस्टग्रेएसक्यूएल आणि त्यावरचे पोस्टजीआयएस, सर्व्हरसाठी जिओडँगो किंवा जिओसर्व्हर, आणि ब्राउझरमधल्या नकाशासाठी लीफलेट. यांपैकी एकही साधन पहिल्या दोन टप्प्यांत उघडावे लागत नाही.

## टप्पा १: प्रश्न आणि एकक कागदावर लिहा

प्रश्नातला प्रत्येक शब्द मोजता येईल इतका स्पष्ट करा. 'पंधरा मिनिटे' म्हणजे ताशी ४ किलोमीटर वेगाने १ किलोमीटर. तान्हे मूल घेऊन निघालेली बाई किंवा वृद्ध रुग्ण यांच्यासाठी हा वेग जास्त आहे, त्यामुळे ताशी ३ किलोमीटरचा दुसरा हिशेब आताच ठरवून ठेवा. 'आरोग्य केंद्र' या शब्दात बाह्यरुग्ण विभाग असलेली रुग्णालये धरायची की नाहीत, 'वस्ती' म्हणजे माणसे की घरे, आणि निकाल प्रभागनिहाय हवा की संपूर्ण शहराचा, हेही लिहा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. हा लोकसंख्येचा निकष आहे, अंतराचा नाही. दोन्ही एकाच नकाशात मिसळले की 'पुरेशी केंद्रे' आणि 'जवळची केंद्रे' यांची गल्लत होते, म्हणून दोन्ही निष्कर्ष वेगळे मांडा.

तपासणी: निकालाचा तक्ता रिकामा आखून पाहा. त्यातल्या एखाद्या स्तंभात काय भरायचे ते सांगता आले नाही, तर प्रश्न अजून तयार नाही.

## टप्पा २: हद्दी ठरवा आणि त्यांवर तारीख घाला

दोन्ही शहरांत 'प्रभाग' हा शब्द निदान दोन अर्थांनी वापरला जातो. ठाणे महापालिकेचा कारभार नौपाडा-कोपरी, वागळे इस्टेट, माजिवडा-मानपाडा, कळवा, मुंब्रा, दिवा अशा प्रभाग समित्यांमधून चालतो, तर नवी मुंबईत बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा ही विभाग कार्यालये आहेत. निवडणुकीचे प्रभाग याहून वेगळे असतात आणि प्रभागरचना बदलली की त्यांच्या सीमाही बदलतात. जनगणनेचे वॉर्ड हा तिसराच प्रकार. तिन्ही हद्दींचे स्वतंत्र थर (लेयर) ठेवा आणि प्रत्येकाच्या नावातच वर्ष घाला. 'प्रभाग_अंतिम_नवीन' असे नाव दिलेली फाइल सहा महिन्यांनी तिच्या कर्त्यालाही ओळखता येत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवरचा सापळा मोठा आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे २०११ च्या जनगणनेतील 'ठाणे जिल्हा' आणि आजचा ठाणे जिल्हा यांचा विस्तार एक नाही. जुना आकडा नव्या हद्दीवर बसवून काढलेली घनता निरर्थक असते.

सावधान: सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या नियोजन महामंडळाचे, नोड (नियोजित उपनगरे) आणि महापालिकेचे विभाग यांची नावे पुष्कळदा सारखी असली तरी त्यांच्या सीमा सारख्या आहेत असे गृहीत धरू नका. गावठाणे तर सेक्टरच्या आखणीत अनेकदा पांढरे भोक म्हणून सुटतात, आणि नेमकी तिथेच दाट वस्ती असते.

## टप्पा ३: नावे, पत्ते आणि लिपी साफ करा

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून तो टाळला जातो. पण नंतरच्या अडचणींपैकी बहुतेक इथूनच सुरू होतात.

नवी मुंबईचा पत्ता नोड, सेक्टर आणि प्लॉट असा असतो. 'सेक्टर १०' वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. यादीत नोड लिहिलेला नसेल तर पत्त्यावरून स्थान शोधणारी कोणतीही सेवा तीनपैकी एक सेक्टर बिनदिक्कत निवडते आणि चूक झाल्याची सूचनाही देत नाही. तशीच 'कोपरी' ठाणे पूर्वेलाही आहे आणि नवी मुंबईतही. म्हणून पत्त्याचा एकच लांब स्तंभ ठेवू नका. शहर, नोड किंवा प्रभाग समिती, सेक्टर, प्लॉट आणि खूण असे पाच स्तंभ करा, आणि पहिले दोन रिकामे असलेली नोंद पुढे जाऊ देऊ नका.

लिपीबाबत चार गोष्टी तपासा.

पहिली, जुन्या याद्या अनेकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित असतात. फाँट बदलला की अक्षरांऐवजी चिन्हांचा पसारा दिसतो. अशी यादी आधी रूपांतरित करा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी वाचून तपासा, कारण रूपांतरणात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात.

दुसरी, देवनागरी आकडे माणसाला संख्या वाटतात, पण बरीचशी सॉफ्टवेअर त्यांना मजकूर समजतात. सेक्टर क्रमांक आणि लोकसंख्या असलेले स्तंभ गणनेपूर्वी इंग्रजी (0 ते 9) आकड्यांत आणा. वाचकाला दाखवताना पुन्हा देवनागरी करता येतात.

तिसरी, 'कोपरखैरणे' आणि 'कोपर खैरणे', 'माजिवडा' आणि 'माजीवाडा' ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी ठिकाणे आहेत. शेवटी राहिलेली एखादी रिकामी जागासुद्धा जोडणी तोडते. म्हणून नावावरून जोडणी करूच नका. प्रत्येक प्रभागाला आणि केंद्राला एक संकेतांक द्या आणि सगळ्या तक्त्यांत तोच वापरा.

चौथी, शेपफाइल हे नकाशाचा डेटा साठवण्याचे जुने स्वरूप वापरू नका. तिच्या स्तंभाच्या नावाला १० बाइटची आणि मजकुराला २५४ बाइटची मर्यादा आहे, तर यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे स्तंभाच्या नावात तीन चिन्हे मावतात आणि लांब पत्ता ८४ चिन्हांनंतर गपचूप कापला जातो. जिओपॅकेज या एकाच फाइलमध्ये राहणाऱ्या स्वरूपात ही अडचण नाही. कोणी शेपफाइलच दिली, तर तिच्या सोबतच्या डीबीएफ, एसएचएक्स आणि पीआरजे फाइल मागून घ्या. पीआरजे नसेल तर थराची निर्देशक प्रणाली, म्हणजे त्यातले स्थानांचे आकडे कोणत्या पद्धतीने आणि एककात लिहिले आहेत ते, केवळ अंदाजाने ठरवावी लागते.

तपासणी: संकेतांकांची पुनरावृत्ती, रिकामे नोड आणि आकड्यांच्या स्तंभातला मजकूर या तीन प्रश्नांची उत्तरे शून्य येईपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: निर्देशक प्रणाली एकदाच आणि नीट ठरवा

सर्वाधिक चुका इथे होतात आणि त्या दिसत नाहीत, कारण क्यूजीआयएस वेगवेगळ्या प्रणालींतले थर आपोआप एकावर एक बसवून दाखवते.

साठवणुकीसाठी आणि देवाणघेवाणीसाठी डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या प्रणालीचे अक्षांश-रेखांश वापरा. त्याचा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे निर्देशक प्रणालींच्या प्रमाण यादीतला क्रमांक, ४३२६ आहे. अंतर आणि क्षेत्रफळ मोजण्यासाठी यूटीएम या मीटरमधल्या प्रणालीचा विभाग ४३ उत्तर घ्या. त्याचा क्रमांक ३२६४३. हा विभाग ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांपर्यंत पसरतो आणि दोन्ही शहरे त्यात पूर्णपणे येतात. ती विभागाच्या पश्चिम कडेला असली तरी लांबीतली तफावत किलोमीटरमागे वीस सेंटिमीटरच्या आतच राहते. पायी अंतराच्या अभ्यासात ती सोडून द्यावी.

ब्राउझरमधले बहुतेक नकाशे वेब मर्केटर म्हणजे क्रमांक ३८५७ वापरतात. त्यात कधीही मोजू नका. ठाण्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९.२ अंशांवर, या प्रक्षेपणात १ किलोमीटरचे अंतर जवळपास १,०५९ मीटर भरते आणि क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी फुगते. एककाच्या जागी 'मीटर' लिहिलेले असल्यामुळे कोणाला शंका येत नाही.

यापेक्षाही घातक गल्लत दोन आज्ञांची आहे. 'सेट लेयर सीआरएस' ही आज्ञा थराला फक्त लेबल लावते, त्यातले आकडे बदलत नाही. 'रीप्रोजेक्ट लेयर' आकडे प्रत्यक्ष बदलून नवा थर देते. अक्षांश-रेखांशातल्या थराला पहिल्या आज्ञेने ३२६४३ चे लेबल लावले, की १९ आणि ७२ हे अंश मीटर समजले जातात आणि सगळे शहर विषुववृत्ताजवळ, वीतभर जागेत गोळा होते. पोस्टजीआयएसमध्ये हाच फरक एसटी_सेटएसआरआयडी आणि एसटी_ट्रान्सफॉर्म यांच्यात आहे. लेबल हरवलेले असेल तेव्हा पहिली वापरायची आणि प्रणाली बदलायची असेल तेव्हा दुसरी. याला अपवाद नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने स्थलदर्शक नकाशे वापरत असाल तर आणखी एक पायरी आहे. ते एव्हरेस्ट लंबगोल या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिरूपावर आधारलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस ८४ म्हणून टाइप केले तर नकाशा सरकतो. शिवाय ७३ अंश रेखांश याच पट्ट्यातून जातो, म्हणून ठाणे शहर ४७ ए/१६ वर आणि मुंब्र्याकडचा भाग ४७ ई/४ वर, असे दोन कागद जोडावे लागतात.

तपासणी: ३२६४३ मध्ये आणलेल्या कोणत्याही बिंदूचा पहिला आकडा साधारण २.८ ते ३ लाखांच्या दरम्यान आणि दुसरा सुमारे २१ लाख असायला हवा. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली असेल तर ठाण्याचे बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात पडतात, आणि रिकाम्या नोंदी शून्य-शून्यावर, आफ्रिकेच्या पश्चिमेला. म्हणून पहिल्यांदा संपूर्ण जगाच्या पातळीवर नकाशा पाहा, शहर नंतर.

## टप्पा ५: जागेवर जाऊन बिंदू घ्या

यादीवरून मिळालेला बिंदू आणि प्रत्यक्ष प्रवेशद्वार यांत फरक असतो. नोंद नेहमी प्रवेशद्वाराची घ्या, इमारतीच्या मध्याची नाही. मध्यबिंदू घेतला, तर पुढे सॉफ्टवेअर त्याला सर्वांत जवळच्या रस्त्याला जोडते, आणि तो रस्ता कुंपणाच्या भिंतीपलीकडचा किंवा रुळांच्या दुसऱ्या बाजूचा असू शकतो.

क्यूफील्ड किंवा ओडीके कलेक्ट या अॅपमध्ये अर्ज आधीच तयार करा. निवडीच्या याद्या द्या, मोकळा मजकूर कमीत कमी ठेवा. उघड्या आकाशाखाली फोनची अचूकता ५ ते १० मीटर असते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा चाळींच्या बोळांत ती बरीच ढळते. पडद्यावरचा अचूकतेचा आकडा १० मीटरच्या खाली येईपर्यंत थांबा आणि तो आकडाही नोंदीत साठवा. अक्षांश-रेखांश दशांशात पाच स्थळांपर्यंत घ्या, म्हणजे साधारण १ मीटरपर्यंतचा तपशील राहतो. तीनच स्थळे ठेवली तर बिंदू शंभरेक मीटरच्या चौकटीत कुठेही असू शकतो.

सावधान: व्यावसायिक नकाशा सेवांवरून रेषा गिरवून स्वतःचा थर करणे त्यांच्या अटींत बसत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरता येतो, मात्र श्रेय द्यावे लागते, आणि त्यातून तयार केलेला डेटाबेस सार्वजनिक करायचा तर तोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

## टप्पा ६: डेटाबेस उभारा

इथे फार वेळ घालवायचे कारण नाही. मूळ डेटाची एक स्वतंत्र स्कीमा (डेटाबेसमधला कप्पा) ठेवा आणि तिच्यात कधीही दुरुस्ती करू नका. दुरुस्त केलेला आणि निष्कर्षांचा डेटा वेगळ्या स्कीमांत ठेवा. प्रत्येक भौमितिक स्तंभावर जिस्ट इंडेक्स (स्थानावरून शोध जलद करणारी सूची) करा. हद्दींच्या बहुभुजांची वैधता तपासा, कारण स्वतःलाच छेदणारा एखादा बहुभुज संपूर्ण छेद-गणना थांबवतो. जिओडँगोमध्ये बिंदू लिहिताना आधी रेखांश, मग अक्षांश येतो, जिओजेसन या वेब नकाशांच्या फाइल-स्वरूपातही तसेच. लीफलेट मात्र आधी अक्षांश मागते. ही अदलाबदल एकाच फंक्शनमध्ये बंदिस्त करा, ती कोडभर विखुरली की शोधता येत नाही.

## टप्पा ७: अंतर रस्त्याने मोजा

केंद्राभोवती १ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत दिशाभूल करणारा मार्ग आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर भरते, पण अगदी काटकोनी, विनाअडथळा रस्त्यांच्या आदर्श सेक्टरमध्येही १ किलोमीटर चालून पोहोचता येणारे क्षेत्र २ चौरस किलोमीटरच असते. म्हणजे एकतृतीयांशाहून अधिक भाग कागदावरच उरतो. आणि इथे तर रस्ते आदर्श नाहीत. कळवा आणि ठाण्याच्या मध्ये खाडी आहे. कळवा-मुंब्रा आणि नवी मुंबईच्या पूर्व कडेला पारसिकचा डोंगर आहे. ट्रान्सहार्बर मार्गाच्या पश्चिमेला नियोजित नोड आहेत, तर पूर्वेला औद्योगिक पट्टा आणि डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्या. मधले रूळ ओलांडायला पादचारी पूल किंवा भुयारी मार्गच शोधावा लागतो. दिव्यात पूर्व आणि पश्चिम यांचे नकाशावरचे अंतर पाहून कोणी फसू नये.

ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते घेऊन त्यात पुढील क्रमाने दुरुस्त्या करा.

१. पादचारी पूल, भुयारी मार्ग, जिने आणि चाळींतल्या वाटा आहेत का ते पाहा. नसतील तर पाहणीतून भरा.

२. पायी जाता येत नाही असे द्रुतगती मार्ग आणि उड्डाणपूल काढून टाका.

३. जिथे रस्ते खरोखर मिळतात तिथे रेषा तोडा, पण उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता यांच्या छेदावर तोडू नका. तीन हात नाक्यासारख्या ठिकाणी ही चूक झाली, तर माणूस पुलावरून थेट खालच्या रस्त्यावर उतरतो असा हिशेब होतो.

४. एकदिशा मार्गाचा नियम पादचाऱ्यांसाठी बंद ठेवा.

त्यानंतर क्यूजीआयएसमधील सर्व्हिस एरिया साधन किंवा पोस्टजीआयएसवर चालणारे पीजीराउटिंग वापरा. क्यूजीआयएसमध्ये 'शॉर्टेस्ट' निवडा आणि मर्यादा १,००० मीटर द्या; रस्त्यांचा थर ३२६४३ मध्ये असला पाहिजे, नाहीतर हा आकडा अंश समजला जातो. 'फास्टेस्ट' निवडल्यास मर्यादा तासांत द्यावी लागते आणि मूळ वेग ताशी ५० किलोमीटर भरलेला असतो. तो न बदलता पाव तास दिला, तर चालणारा माणूस साडेबारा किलोमीटर जातो. असा नकाशा पाहून संपूर्ण शहर 'सेवेच्या आवाक्यात' असल्याचा आनंद होतो, म्हणूनच तो कोणी तपासत नाही.

तपासणी: खाडी किंवा रूळ ओलांडणारे तीन-चार मार्ग निवडा, सॉफ्टवेअरने दिलेले अंतर घ्या आणि प्रत्यक्ष चालून पाहा. लोकमान्य नगरकडच्या किंवा कळव्याच्या चढावरच्या वस्त्यांत मिनिटेही मोजा, कारण तिथे अंतर बरोबर असूनही वेळ चुकते.

## टप्पा ८: लोकसंख्या बहुभुजात नव्हे, घरांत वाटा

२०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२ लाख होती. हे आकडे जुने आहेत आणि घोडबंदर पट्ट्यासारख्या भागांत तर फारच जुने, तरी वॉर्डनिहाय तपशिलासाठी बहुतेक अभ्यास त्यांवरच उभे राहतात. वॉर्डाची लोकसंख्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटली, तर येऊरच्या जंगलात, खाडीकाठच्या कांदळवनात आणि धारण तलावांत (भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्यांत) माणसे राहू लागतात, आणि वस्तीतला आकडा तेवढाच घटतो.

त्याऐवजी जंगल, पाणी, कांदळवन, उद्योग आणि रुळांच्या जागा आधी वजा करा. उरलेल्या भागात इमारतींच्या पायाचे क्षेत्रफळ गुणिले मजले या प्रमाणात लोकसंख्या वाटा. मजले माहीत नसतील तर चाळ, झोपडवस्ती, सोसायटी आणि टॉवर असे चार गट करून प्रत्येकाला भार द्या आणि तो भार अहवालात छापा. यातून येणारा आकडा अंदाज आहे, म्हणून तो हजारांत पूर्णांकित करा. '४३,२१७ नागरिक वंचित' अशी शेवटच्या अंकापर्यंतची अचूकता या पद्धतीत नसते आणि ती लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक आहे.

सावधान: ताशी ४ आणि ताशी ३ किलोमीटर अशा दोन्ही वेगांचे निकाल शेजारी ठेवा. एखादा प्रभाग एका हिशेबात पूर्ण आवाक्यात आणि दुसऱ्यात निम्मा बाहेर जात असेल, तर त्याच प्रभागात पाहणी वाढवायला हवी.

## टप्पा ९: सर्व्हरवर चढवा आणि लोकांसमोर ठेवा

निकाल स्थिर असेल आणि वर्षातून एकदाच बदलणार असेल, तर सर्व्हरच्या भानगडीत पडू नका. जिओजेसनची फाइल आणि लीफलेटचे एक पान पुरते. अनेक विभागांना तोच थर आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा असेल तेव्हा जिओसर्व्हर घ्या, कारण तो डब्ल्यूएमएस (नकाशाचे चित्र) आणि डब्ल्यूएफएस (मूळ नोंदी) या खुल्या मानकांनुसार डेटा देतो. नोंदी भरणे, तक्रारी घेणे, परवानग्या देणे अशी कामे असतील तर जिओडँगो. तिन्ही एकत्र उभारण्याचा मोह पहिल्या वर्षी आवरावा. ते सांभाळायला माणूस लागतो, आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावर तो माणूस राहत नाही.

जिओसर्व्हरवर मराठी नावांऐवजी चौकोन दिसत असतील तर डेटा बिघडलेला नसतो. सर्व्हरवर देवनागरी फाँट बसवून शैलीच्या फाइलमध्ये त्याचे नाव द्यावे लागते. हद्दी हलक्या करताना प्रत्येक बहुभुज स्वतंत्रपणे सरळ करू नका, नाहीतर शेजारच्या प्रभागांमध्ये फटी पडतात. सामाईक रेषा एकदाच सरळ करणारे साधन वापरा, उदाहरणार्थ मॅपशेपर.

रुग्णांचे पत्ते, तक्रारदारांचे फोन किंवा घरनिहाय आजारांच्या नोंदी सार्वजनिक थरात जाऊ देऊ नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. नाव काढून बिंदू ठेवणे पुरेसे नाही, कारण एकट्या घरावरचा बिंदू हाच पत्ता असतो. अशा नोंदी प्रभागाच्या पातळीवर एकत्र करा आणि ज्या प्रभागात मोजक्याच नोंदी आहेत तिथे आकडा दाखवू नका.

नकाशाच्या तळाशी चार ओळी छापा: डेटा कोणत्या तारखेचा आहे, हद्दी कोणत्या वर्षाच्या आहेत, अंतर कोणत्या पद्धतीने मोजले आहे आणि चूक कळवायची कोणाला. मग प्रसिद्धीपूर्वी एक छापील प्रत प्रत्येक विभाग कार्यालयातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती द्या. घरोघर फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीला बंद पडलेला पादचारी पूल, स्थलांतरित झालेले केंद्र आणि पावसाळ्यात बुडणारी वाट माहीत असते. तिने लाल पेनाने केलेल्या खुणा टप्पा ५ च्या अर्जात भरा आणि टप्पा ७ पासूनची गणना पुन्हा चालवा.